पुनर्वसन आणि पुनर्विकास : गिरणगावाच्या निमित्ताने दोन शब्दांचा विचार

समाजशास्त्राच्या परिभाषेतील 'जेंट्रिफिकेशन' या शब्दाला मराठीत अद्याप सर्वमान्य प्रतिशब्द मिळालेला नाही. शब्द नाही म्हणून वस्तूच नाही, असे मात्र नव्हे. मुंबईत परळ, लालबाग, डिलाईल रोड, वरळी या भागांत ही वस्तू गेली तीस वर्षे भर रस्त्यात उभी आहे आणि तिच्यासंबंधी मराठीत पुष्कळ लिहिलेही गेले आहे. ते लिहिताना पुनरुज्जीवन, पुनर्विकास, पुनर्वसन, कायापालट असे जे शब्द आपण योजतो ते सारे संस्कृतातून सिद्ध केलेले, सरकारी कागदांत मुरलेले आणि दिसावयास एकमेकांसारखे आहेत. त्यांपैकी दोन शब्दांची फोड प्रस्तुत लेखात करावयाची आहे. ही फोड केवळ व्युत्पत्तीच्या हौसेखातर नाही. घरासाठी अर्ज केलेल्या सुमारे पावणेदोन लाख गिरणी कामगारांना व त्यांच्या वारसांना घर कोठे मिळावे, हा जो प्रश्न आज उभा आहे, तो बव्हंशी या दोन शब्दांमधील अंतराचा प्रश्न आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

मूळ इंग्रजी शब्दापासून आरंभ करणे सोयीचे. रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ विदुषींनी तो १९६४ साली लंडनसंबंधी लिहिताना योजला. लंडनच्या कामकरी वस्त्यांतील लहान, जुनी घरे मध्यमवर्गीय लोक घेऊ लागले, त्यांनी ती डागडुजी करून नीटनेटकी केली, किमती चढल्या, आणि पाहता पाहता मूळ रहिवासी त्या मोहल्ल्यांतून दिसेनासे झाले. ही प्रक्रिया त्यांना नोंदवावयाची होती. 'जेंट्री' म्हणजे इंग्लंडातील सरदारांच्या खालोखालचा जमीनदार वर्ग. एकोणिसाव्या शतकातच ओसरू लागलेल्या या वर्गाचे नाव विसाव्या शतकातील नोकरदारांना लावण्यात थोडा उपरोध होता. तो आता इंग्रजीतही पुसट झाला आहे. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, या संकल्पनेला दोन अंगे आहेत. वास्तू सुधारतात आणि माणसे बदलतात. केवळ वास्तू सुधारल्या आणि माणसे तीच राहिली, तर त्यास हा शब्द लागत नाही.

मराठीत 'उच्चभ्रूकरण', 'कुलीनीकरण', 'अभिजनीकरण' असे प्रतिशब्द अधूनमधून वाचावयास मिळतात. 'उच्चभ्रू' हा शब्द स्वतःच 'हायब्राऊ' या इंग्रजी शब्दाचे शब्दशः रूपांतर आहे. उंच भुवईचा आणि घरभाड्याचा संबंध जोडणे अवघड. 'कुलीनीकरण' या शब्दात कुळाचा जो अभिमान आहे तो येथे गैरलागू आहे, कारण नव्या इमारतीत सदनिका घेणाऱ्यास कोणी कूळ विचारीत नाही, पैसा विचारतात. 'अभिजनीकरण' हा शब्द मात्र भाषाभ्यासकाला थांबावयास लावतो, आणि त्याचे कारण पाणिनी आहे.

एखाद्या गावावरून माणसाला विशेषण लावावयाचे तर ते कोणत्या संबंधाने लावावे, हे सांगताना पाणिनीने 'निवास' आणि 'अभिजन' यांसाठी दोन स्वतंत्र सूत्रे केली आहेत. त्यांतील भेद पतंजलीने महाभाष्यात उलगडून दाखविला आहे. माणूस सांप्रत जेथे राहतो तो त्याचा निवास. त्याचे पूर्वज जेथे राहिले तो त्याचा अभिजन. म्हणजे 'अभिजन' या शब्दाचा एक जुना शास्त्रीय अर्थ वडिलोपार्जित ठिकाण असा आहे. 'श्रेष्ठ कुळातील लोक' हा त्याचा दुसरा अर्थ तेवढा आजच्या मराठीत उरला. तेव्हा जुन्या रहिवाशांचा अभिजन सुटण्याच्या क्रियेला 'अभिजनीकरण' म्हणणे हा एक विचित्र योग आहे. पारिभाषिक शब्द म्हणून तो चालवावयाचा की नाही ते समाजशास्त्राच्या अध्यापकांनी ठरवावे. निवास आणि अभिजन हा भेद मात्र पुढील विवेचनात आपल्याला वारंवार उपयोगी पडणार आहे.

आता गिरणगावाकडे वळू. कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापन केलेली मुंबईची पहिली कापडगिरणी ताडदेव येथे १८५६ मध्ये चालू झाली. पुढील अर्धशतकात भायखळ्यापासून परळ-वरळीपर्यंत गिरण्यांची दाटी झाली आणि त्यांच्याभोवती चाळी उठल्या. या मुलुखाला लोकांनी 'गिरणगाव' हे नाव दिले. ते कोणत्याही महसुली नकाशात नव्हते, कोणत्याही रेल्वे स्थानकावर नव्हते. तरी ते टिकले. आणि त्यातील उत्तरपद 'नगर' किंवा 'पूर' नसून 'गाव' आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. रत्नागिरीकडून, साताऱ्याकडून, कोल्हापूरकडून आलेल्या कामगाराच्या तोंडी 'गाव' हा शब्द दुहेरी चाले. 'गावी जातो' म्हणजे कोकणात किंवा घाटावर जातो. तो त्याचा अभिजन. आणि जेथे तो राही, ते 'गिरणगाव'; तो निवास. एकाच गावची माणसे मिळून खोली धरीत, एकाच खानावळीत जेवत, गावच्या मंडळाची वर्गणी भरीत. पहिल्या पिढीचा कामगार मुंबईत राहत होता तो एका अर्थी गावासकटच राहत होता. परंतु त्याच्या नातवाचे काय? नातू चाळीत जन्मला, चाळीच्या गणपतीत नाचला, महापालिकेच्या शाळेत शिकला. आजोबांचे रत्नागिरीतील गाव त्याला मे महिन्यापुरते ठाऊक. त्याचे पूर्वज जेथे राहिले ते स्थान आता चाळ हेच होते. म्हणजे तीन पिढ्यांत निवासाचा अभिजन झाला. या रूपांतराची नोंद कोणत्याही खतावणीत होत नाही. भाडेपावती आणि शिधापत्रिका यांवर तर नाहीच नाही.

या वस्तीने मराठी भाषेला जे दिले त्याचा हिशेब अद्याप कोणी नीट मांडलेला नाही. 'पाळी' हा शब्द कामाच्या वेळेस लावून 'रातपाळी' आणि 'दिवसपाळी' हे समास तेथे रुळले. 'खाडा' हा शब्द आज पांढरपेशा गृहिणी मोलकरणीच्या गैरहजेरीस लावते, तो गिरणीच्या हजेरीपुस्तकातही तितकाच परिचित होता. 'बदली' हे नाम होते तसे ते विशेषणही झाले: 'बदली कामगार', म्हणजे दुसऱ्याच्या गैरहजेरीवर ज्याचे पोट अवलंबून आहे असा माणूस. विणकामाच्या विभागाला 'साचेखाते' म्हणत. 'जॉबर' हा इंग्रजी शब्द 'मुकादम' या अरबी शब्दाशेजारी सुखाने नांदला. आणि 'भोंगा' हे नुसते यंत्र नव्हते, ते काळाचे एकक होते. 'पहिल्या भोंग्याला उठलो' या वाक्यात घड्याळाची गरज नाही. 'चिमणी' या शब्दाची गंमत तर स्वतंत्र टिपणाची धनी आहे. इंग्रजी 'चिम्नी' मराठीत आली तेव्हा तिला घरात आधीच घरटे करून बसलेली चिमणी भेटली, आणि दोघी एकाच उच्चारात मिसळल्या.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो रीतसर मागे घेतला गेला नाही; तो विरत गेला, आणि त्याबरोबर गिरण्याही. संपाच्या कारणपरंपरेची चर्चा इतरत्र विपुल झाली आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्यानंतर उरलेले सुमारे सहाशे एकर. या जमिनीवर ५८ गिरण्या होत्या.

नील स्मिथ या भूगोलशास्त्रज्ञाने १९७९ साली मांडलेला एक विचार येथे सांगितला पाहिजे. त्याच्या मते एखाद्या वस्तीचे 'पुनरुज्जीवन' नव्या रहिवाशांच्या आवडीमुळे होत नाही, जमिनीच्या हिशेबामुळे होते. जुन्या वापरात जमीन आज जेवढा खंड देते आणि अधिक फायदेशीर वापरात ती जेवढा देऊ शकेल, या दोहोंतील तफावत रुंदावत जाते. ती पुरेशी रुंद झाली की भांडवल परत येते. मुंबईत ही तफावत रुंदावण्यास विशेष कारणे होती. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने चाळींची भाडी गोठली; मालकांनी दुरुस्ती सोडून दिली; १९६९ च्या कायद्याने सरकारने उपकर बसवून दुरुस्तीचे काम स्वतःच्या मंडळाकडे घेतले. दुसरीकडे शहराचा व्यापारी मध्य दक्षिणेकडे कोंडला होता आणि गिरण्यांची जमीन त्याच्यापासून लोकलने पंधरा-वीस मिनिटांवर होती. अशा ठिकाणी दहा रुपये भाड्याची खोली आणि बंद पडलेली गिरणी शेजारी शेजारी उभ्या असल्या, तर स्मिथचे सूत्र समजावण्यास फळ्यावर आकृती काढावी लागत नाही.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने या जमिनीसाठी एक तोड काढली होती. गिरणीच्या जमिनीचा विकास करावयाचा तर ढोबळमानाने एकतृतीयांश भाग शहराच्या मोकळ्या जागांसाठी महापालिकेस, एकतृतीयांश सार्वजनिक गृहबांधणीसाठी म्हाडास आणि उरलेला मालकास. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीनेही या जमिनींचा एकत्रित विचार केला. परंतु २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी केवळ 'मोकळ्या' जमिनीची करावयाची असे ठरले. येथे सारा वाद एका विशेषणावर येऊन ठेपला. मोकळी जमीन म्हणजे कोणती? जिच्यावर आज काही बांधलेले नाही ती, की गिरणीची इमारत पाडल्यावर जी मोकळी होईल तीदेखील? मराठीत 'मोकळा' आणि 'मोकळा झालेला' यांत भेद आहे. पहिले स्थितिवाचक, दुसरे क्रियेचा इतिहास सांगणारे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये व्यापक अर्थ घेतला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवून संकुचित अर्थ ग्राह्य धरला. गिरणीच्या आवारात उघडी जागा थोडी आणि शेडखालची जागा फार, त्यामुळे शहराच्या आणि म्हाडाच्या वाट्यास येणारे क्षेत्र कित्येक पटींनी घटले. शब्दार्थनिश्चितीचा तास कंटाळवाणा वाटणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे प्रकरण मुळातून वाचावे.

पुढे काय झाले ते सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. १९०५ साली निघालेल्या फिनिक्स मिलच्या जागी बाजारसंकुल झाले. त्या नावाचा पक्षी राखेतून पुन्हा जन्मतो अशी ग्रीक आख्यायिका आहे, परंतु पक्षी जन्मतो तो तोच जन्मतो, दुसरा नव्हे. गिरणीची चिमणी तेथे जपून ठेवली आहे. तिच्यातून धूर येत नाही, आणि म्हणूनच ती सुंदर दिसते. कमला, मथुरादास, तोडी या गिरण्यांच्या आवारांत कचेऱ्या आणि उपाहारगृहे आली. गिरणीचे नाव मात्र बहुतेकांनी टाकले नाही. ज्या 'मिल' शब्दाची चाळीतल्या मुलीचे लग्न ठरविताना कधी अडचण होत असे, तो आता पत्त्यात शोभेसाठी येतो. सामाजिक अर्थभेदाचे याहून चांगले उदाहरण अलीकडच्या मराठीत मिळणे कठीण.

याच सुमारास घरविक्रेत्यांच्या जाहिरातींत 'अप्पर वरळी' हे स्थलनाम अवतरले. ज्या जागेस ते लावले गेले ती जागा म्हणजे लोअर परळ. 'लोअर' हे विशेषण तेथे कोणाच्या प्रतिष्ठेविषयी काही सांगत नव्हते; स्थानिक मराठी माणूस तर ते उच्चारतच नसे, तो 'डिलाईल रोड' म्हणे. त्या रस्त्याचे अधिकृत नाव कामगार चळवळीतील एक आद्य पुढारी नारायण मल्हार जोशी यांच्यावरून ना. म. जोशी मार्ग असे आहे. जाहिरातदाराने 'लोअर' हा शब्द स्थलवाचक न मानता श्रेणीवाचक मानला, आणि मग त्याचा विरुद्धार्थी शब्द शोधून तो शेजारच्या, अधिक महाग गावाच्या नावाला जोडला. वरळी पश्चिमेस आहे. त्यात 'वर' काही नाही. हे नाव लोकांच्या बोलण्यात रुळले नाही. सरकारी आज्ञेवाचून 'गिरणगाव' रुजले आणि एवढ्या पैशांवर 'अप्पर वरळी' रुजले नाही, यावरून स्थलनामांच्या अभ्यासकाने थोडा धीर धरावयास हरकत नाही.

आता आपल्या दोन शब्दांकडे येऊ. दोहोंचे पूर्वपद 'पुनर्' हे अव्यय आहे. ते क्रियेची आवृत्ती सांगते. परंतु आवृत्तीत काय कायम राहते हे ते सांगत नाही. ते उत्तरपदावरून आणि षष्ठीवरून कळते. 'विकास' म्हणजे मुळात फुलणे, उमलणे. कमळाचा विकास होतो तेव्हा कमळ हा कर्ता असतो. 'वसन' म्हणजे राहणे. कामगारांचे वसन म्हणताना कामगार हे कर्ते असतात. दोन्ही धातू अकर्मक आहेत. कृदन्ताच्या योगात येणारी षष्ठी कर्त्याची असू शकते तशी कर्माचीही असू शकते, हे व्याकरणाच्या विद्यार्थ्यांस नव्याने सांगावयास नको. कारभारी मराठीत गेल्या काही दशकांत जे घडले ते असे की, या दोन्ही शब्दांपुढे 'करणे' हे क्रियापद येऊन बसले आणि कर्त्याच्या षष्ठीची कर्माची षष्ठी झाली. 'जमिनीचा विकास' म्हणजे जमीन फुलणे नव्हे. जमिनीवर कोणीतरी काही करणे. तो कोणीतरी म्हणजे 'विकासक'. 'कामगारांचे पुनर्वसन' म्हणजे कामगार पुन्हा राहू लागले असे नव्हे. कामगारांना कोणीतरी कोठेतरी ठेवले. जो राहत होता तो ठेवला गेला.

येथवर दोन्ही शब्दांची गती सारखी आहे. भेद यापुढे आहे. पुनर्विकासात स्थिर राहते ती जागा. माणसे बदलली तरी शब्दाला बाध येत नाही. पुनर्वसनात स्थिर राहतात ती माणसे. जागा बदलली तरी शब्दाला बाध येत नाही. धरणाखाली गाव बुडते आणि गावकऱ्यांचे पुनर्वसन शंभर कोसांवर होते. शब्द चुकला असे कोणी म्हणत नाही. म्हणून एका वस्तीचा पुनर्विकास येथे आणि त्याच वस्तीचे पुनर्वसन तेथे, असे करता येते. दोन्ही अहवालांतील प्रत्येक वाक्य खरे असते आणि वस्ती मात्र कोठेच उरत नाही. ग्लासबाईंनी ज्याला एक शब्द दिला त्याची आपल्याकडे अशी दोन शब्दांत विभागणी झाली. वास्तूंचे अंग एका शब्दात गेले, माणसांचे दुसऱ्या शब्दात.

हे विवेचन हवेतले नाही. म्हाडाने गिरणी कामगारांसाठी २०१२ साली ६,९२५ घरांची पहिली सोडत काढली. २०१६ मध्ये दोन सोडती झाल्या, २,६३४ आणि २,४१७ घरांच्या; त्यांतील दुसरी पनवेलजवळील कोन येथील घरांची होती. १ मार्च २०२० रोजी ३,८९४ घरांची सोडत निघाली. बेरीज १५,८७० होते. अर्जदारांच्या संख्येशी हा आकडा ताडून पाहिला की उरलेल्यांचे काय, हा प्रश्न आपोआप येतो. मार्च २०२४ मधील शासन निर्णयाने त्याचे उत्तर असे दिले की, सुमारे ८१ हजार घरे शेलू आणि वांगणी येथे बांधावीत. वांगणी ठाणे जिल्ह्यात आहे. शेलू रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात, नेरळच्या अलीकडचे स्थानक. ९ जुलै २०२५ रोजी गिरणी कामगार संघटना आझाद मैदानावर जमल्या आणि त्यांनी घरे मुंबईतच मिळावीत अशी मागणी केली. घर नाकारणाऱ्याचा हक्क जाईल अशा आशयाचे जे कलम त्या निर्णयात होते त्यावर त्यांचा विशेष रोष होता. 'फुकट्यासारखे घर मिळते तर जागेचा हट्ट कशाला', अशी टीका तेव्हा पांढरपेशा वर्तुळात ऐकू आली. टीकाकारांच्या ध्यानात हे आले नाही की, कामगार 'पुनर्वसन' या शब्दाचा मूळ, अकर्मक अर्थ मागत होते.

शेलू ज्या कर्जत तालुक्यात आहे त्याच तालुक्यात, राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात कोंडाणे येथील बौद्ध लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातील ही लेणी लाकडी बांधणीची दगडात केलेली नक्कल म्हणून प्रसिद्ध आहेत. चैत्यगृहाच्या दर्शनी भागाजवळ एका भग्न यक्षमूर्तीच्या मस्तकालगत ब्राह्मी लिपीतील एक छोटा प्राकृत लेख आहे. कण्हाचा अंतेवासी बलक याने हे केले, एवढेच तो सांगतो. राजाचे नाव नाही, दान देणाऱ्या श्रेष्ठीचे नाव नाही. कारागिराचे आहे, आणि त्याच्या गुरूचे. आपल्या विषयाशी या लेखाचा संबंध त्यातील 'अंतेवासी' या शब्दामुळे येतो. हा अलुक् समास आहे. पूर्वपदाची सप्तमी लोपलेली नाही. अन्ते म्हणजे जवळ, आणि वासी म्हणजे राहणारा. जो जवळ राहतो तो शिष्य. धातू तोच, 'वस्'. त्यापासूनच निवास, वस्ती, वसाहत, पुनर्वसन. कारागिरी ही जवळ राहूनच शिकावयाची, म्हणून शिकणाऱ्याला राहणाऱ्याचे नाव. गिरणीतला साचेवाला तरी दुसरे काय करीत होता? त्याने धंदा शिकला तो गाववाल्याच्या शेजारी उभे राहून, आणि गाववाल्याकडे तो आला तो त्याच्या खोलीत पथारी पसरून. 'वस्' या धातूच्या अर्थात सान्निध्य गृहीत असते. ते समासात सप्तमीने दाखविले काय किंवा न दाखविले काय. ऐंशी किलोमीटरवर चारशे-पाचशे चौरस फुटांचे घर दिले, तर वसन मिळते, 'अन्ते' मिळत नाही. घरकाम करणाऱ्या बाईला, वडापावच्या गाडीवाल्याला, रुग्णालयातील आयाला तिच्या कामाचे गिऱ्हाईक लोअर परळला असते. पहाटेच्या कर्जत लोकलने दररोज दोन-अडीच तास जाणे आणि तितकेच येणे, हा तिच्या पगारातून कापला जाणारा खंड आहे.

शिवाय शेलू-कर्जतचा मुलूख रिकामा नाही. तेथे कुणबी, आगरी, ठाकर, कातकरी यांच्या वाड्या-पाडे आहेत. मुंबईच्या सुखवस्तू कुटुंबांनी गेल्या काही दशकांत या तालुक्यात 'फार्महाऊस' घेतली. त्यांत फार्म बहुधा हिरवळीएवढेच असते. जो नांगर धरीत होता तो तेथे राखणदार म्हणून उभा आहे. म्हणजे गिरणगावातून जी माणसे वर ढकलली जाणार ती ज्या ठिकाणी पोचणार, तेथेही तीच क्रिया दुसऱ्या दिशेने आधी पोचली आहे. भाषेच्या अभ्यासकाला याचा स्वतंत्र त्रास आहे. कातकरी आणि ठाकरी बोलींचे नमुने ज्या पाड्यांतून गोळा करावयाचे ते पाडे आता कुंपणांच्या मागे शोधावे लागतात.

एवढे लिहिल्यावर चाळीचे जीवन रम्य होते असा समज कोणी करून घेऊ नये. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० नंतरच्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे ज्या २०७ चाळी बांधल्या, त्यांतील खोली १६० चौरस फुटांची. तिच्यात आठ-दहा माणसे, शौचकूप सामाईक, आजारी माणसाला निजावयास कोपरा नाही, नवविवाहितांना बोलावयास जागा नाही. ज्यांनी हे भोगले नाही ते चाळीच्या गॅलरीवर फार गोड लिहितात. बाहेर पडण्याची इच्छा हा चाळकऱ्याचा द्रोह नव्हे. म्हणूनच या बी.डी.डी. चाळींचे सध्याचे काम आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचे आहे. तेथे म्हाडाने पात्र रहिवाशांस त्याच जागी ५०० चौरस फुटांची सदनिका मोफत द्यावयाची आणि उरलेल्या जमिनीवरील विक्रीच्या घरांतून खर्च काढावयाचा, अशी योजना आहे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळी येथील पहिल्या ५५६ रहिवाशांना किल्ल्या देण्यात आल्या. येथे पुनर्विकास आणि पुनर्वसन हे दोन शब्द एकाच जागेवर, एकाच माणसांवर येऊन बसतात. जागाही तीच, माणसेही तीच. असे होऊ शकते, एवढे तरी यावरून सिद्ध होते. आणि त्याचे कारण जमीन सरकारी होती हे आहे, कोणाचा चांगुलपणा नव्हे. चाळीसमजली इमारतीचा देखभालखर्च निवृत्त कामगाराच्या वारसाला किती वर्षे झेपेल, आणि न झेपल्यास तो घर विकून कोणत्या स्थानकाला उतरेल, हा पुढचा प्रश्न आहे. लंडनमध्येही मूळ रहिवासी एका दिवसात गेले नव्हते.

नव्या गिरणगावाच्या बाजूनेही एक गोष्ट म्हटली पाहिजे. तेथे हजारो माणसांना काम मिळते, आणि ती सारीच उच्चभ्रू नाहीत. कमला मिलच्या आवारातील कचेऱ्यांत काम करणारी कित्येक मुले-मुली डोंबिवली, विरार, बदलापूरहून येतात. परंतु जमिनीच्या एकेका तुकड्याचा पुनर्विकास झाला तरी त्या तुकड्यांमधील रस्ता आणि जिना कोणाच्याच वाट्यास येत नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत वीसहून अधिक माणसे दगावली; त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारातील आगीत १४ जण गेले. पुढील वर्षी स्थानकाचे नाव बदलून प्रभादेवी करण्यात आले. परळमध्ये १९२२ सालापासून कामगार रंगभूमीला आसरा देणारे दामोदर नाट्यगृहही २०२३ च्या अखेरीस पुनर्बांधणीसाठी बंद झाले. 'पुनर्बांधणी' हा शब्द आपल्या दोन शब्दांच्या मानाने प्रामाणिक आहे. त्यात निदान काय पुन्हा करावयाचे ते स्पष्ट आहे, आणि म्हणून ते झाले की नाही हे तपासता येते.

आपल्या विभागाच्या दृष्टीने एक काम तातडीचे आहे. साचेखात्यात प्रत्यक्ष काम केलेली माणसे आज सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्या तोंडची परिभाषा, म्हणजे यंत्रांच्या भागांची नावे, धाग्याच्या दोषांची नावे, दंड, रजा, पाळी यांचे वाक्प्रचार, कोशांत फार थोडी आली आहे. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातील शंभर जणांच्या आठवणी एकत्र करून २००४ मध्ये प्रसिद्ध केल्या, त्या इतिहासासाठी. भाषेसाठी तसे काम व्हावयाचे आहे. ते परळला जाऊन होणार नाही. त्यासाठी कल्याणच्या पुढे जाणारी गाडी धरावी लागेल, कारण बोलणारे तिकडे राहावयास गेले आहेत. पदव्युत्तर वर्गातील ज्या विद्यार्थ्यांची घरे बदलापूर, वांगणी, नेरळ, कर्जत या पट्ट्यात आहेत त्यांनी शेजारच्या आजोबांपासून आरंभ करावा. पहिला प्रश्न 'तुमचे गाव कोणते' हाच असावा, आणि उत्तरादाखल जितकी नावे सांगितली जातील तितकी सर्व, सांगितल्या क्रमाने, लिहून घ्यावीत.